नेटवर्किंग सर्टिफिकेशन: घरची लॅब पुरते का, की नोकरीचा अनुभव लागतोच?

“सीसीएनए केलंय? छान. कामाचा अनुभव किती?”

पहिल्या इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न आला की भल्याभल्यांची दांडी गुल होते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्यात सल्ले देणारेही दोन टोकांचे. क्लासवाले म्हणतात, “परीक्षा द्या, नोकरी पक्की.” ऑफिसमधले सीनियर म्हणतात, “सर्टिफिकेट हा नुसता कागद, खरं शिक्षण कामावरच होतं.” मग घरी लॅपटॉपवर लॅब मांडून रात्र रात्र सराव करणाऱ्याने काय समजायचं?

थोडक्यात उत्तर असं: परीक्षा पास व्हायला घरची लॅब पुरते. नुसती नोकरी मात्र बऱ्याचदा पुरत नाही. पण नोकरीत एक गोष्ट शिकायला मिळते जी लॅब आपणहून शिकवत नाही. ती म्हणजे आपल्या एका कमांडने कोणाचं काय बंद पडेल, याचा आधी विचार करणं. ही सवयही घरी बऱ्यापैकी लावून घेता येते. कशी, ते पुढे पाहू.

परीक्षेला अनुभवाची अट असते का?

सीसीएनए म्हणजे ‘सिस्को सर्टिफाइड नेटवर्क असोसिएट’. राउटर आणि स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची ही परीक्षा १९९८ पासून घेतली जाते. आजही नेटवर्किंगमध्ये येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

या परीक्षेला बसण्यासाठी पदवीची किंवा अनुभवाची कोणतीही सक्तीची अट नाही. उमेदवाराकडे सिस्कोची उपकरणं हाताळल्याचा एखाद्या वर्षाचा अनुभव असावा असं कंपनी सुचवते. पण ही फक्त शिफारस आहे, अनुभवाचं पत्र कोणी मागत नाही.

२४ फेब्रुवारी २०२० रोजी सिस्कोने आपल्या परीक्षांची रचना बदलली. त्याआधी सीसीएनपी या पुढच्या पातळीसाठी आधी सीसीएनए असावं लागे, ती अटही तेव्हा गेली. म्हणजे आज एखादा फ्रेशर थेट सीसीएनपीची परीक्षा देऊ शकतो. त्याने द्यावी का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येऊ.

सगळीच सर्टिफिकेशन अशी उदार नसतात. सायबर सुरक्षेतल्या सीआयएसएसपीसाठी आठपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव दाखवावा लागतो. संबंधित विषयातली पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होऊ शकतं. अनुभवाशिवाय परीक्षा पास झालात तर ‘असोसिएट’ म्हणून नोंद होते आणि अनुभव पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात. तिथे घरच्या लॅबमधला सराव अनुभव म्हणून धरला जात नाही. म्हणून कोणत्याही परीक्षेचे पैसे भरण्याआधी त्या परीक्षेच्या अधिकृत पानावर अट काय आणि शिफारस काय, हे नीट वाचून घ्या.

परीक्षेत नेमकं काय विचारतात?

सीसीएनएच्या सध्याच्या परीक्षेचा क्रमांक २००-३०१ आणि वेळ १२० मिनिटं. अभ्यासक्रमाची विभागणी अशी आहे:

• नेटवर्कची मूलतत्त्वं: २० टक्के
• नेटवर्क ॲक्सेस, म्हणजे स्विच, व्हीलॅन, वायरलेस: २० टक्के
• आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे मुख्यतः राउटिंग: २५ टक्के
• डीएचसीपी, नॅट यांसारख्या आयपी सेवा: १० टक्के
• सुरक्षेची मूलतत्त्वं: १५ टक्के
• ऑटोमेशन आणि प्रोग्रॅमेबिलिटी: १० टक्के

पर्यायी प्रश्नांबरोबर प्रत्यक्ष कमांड द्यायला लावणारे लॅबचे प्रश्नही असतात. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. परीक्षेची फी ३०० डॉलर आणि वर कर. म्हणजे डॉलरचा दर जसा असेल त्याप्रमाणे सगळं मिळून तीस हजार रुपयांच्या आसपास जातात. नापास झालात तर हीच रक्कम पुन्हा भरायची. घरात पहिला पगार यायच्या आधी इतके पैसे घालायचे, म्हणून तयारी कशी करायची हा प्रश्न अनेकांसाठी गंभीर असतो.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. इतक्या सगळ्या विषयांना हात लावायला मिळेल अशी पहिली नोकरी क्वचितच असते.

नोकरीचा अनुभव परीक्षेत कमी का पडतो?

नेटवर्किंगमधली पहिली नोकरी अनेकांना एनओसीमध्ये मिळते. एनओसी म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारं केंद्र. तिथल्या एल-वन इंजिनियरचं काम साधारण असं असतं: स्क्रीनवर अलार्म आला की तिकीट उघडायचं, ठरलेल्या चार गोष्टी तपासायच्या, इंटरनेट कंपनीला फोन करायचा आणि लिंक आली नाही तर तिकीट एल-टूकडे पाठवायचं. राउटरवर लॉगिन असतं, पण बऱ्याच ठिकाणी फक्त पाहण्यापुरतं. अशी दोन वर्षं गेली तरी स्वतःच्या हाताने ओएसपीएफ कधी लावलेलंच नाही, असं होऊ शकतं.

सबनेटिंगचंच घ्या. १९२.१६८.१०.७० हा पत्ता /२६ च्या नेटवर्कमध्ये असेल तर तो कोणत्या सबनेटमधला? /२६ मध्ये ६४ पत्ते असतात, त्यांतले ६२ उपकरणांना देता येतात. त्यामुळे सबनेट ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. ७० हा पत्ता ६४ च्या सबनेटमध्ये पडतो. तिथे ६५ ते १२६ वापरता येतात आणि १२७ हा ब्रॉडकास्ट. ऑफिसमध्ये हे करायला कॅल्क्युलेटर उघडला की झालं. परीक्षेत तो नसतो आणि घड्याळ चालू असतं. दहा वर्षं नोकरी केलेला माणूसही इथे अडखळू शकतो, कारण त्याला हे डोक्यात करायची वेळच आलेली नसते.

शिवाय नोकरीत तुम्ही पाहता ते एकाच कंपनीचं नेटवर्क. तिथे वायरलेस कंट्रोलर नसेल तर तो तुम्हाला दिसणार नाही. आयपीव्ही६ नसेल तर तेही राहिलं. परीक्षा मात्र सगळंच विचारते.

घरच्या लॅबला खर्च किती?

लॅब म्हटलं की लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा रॅक डोळ्यांसमोर येतो. सीसीएनएपुरती त्याची गरज नाही.

पॅकेट ट्रेसर: सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतं. हे खऱ्या राउटरची नक्कल करतं, त्यामुळे त्यात सगळ्या कमांड नसतात. पण सीसीएनएचा बहुतेक सराव यावर होतो.

जीएनएस३ आणि ईव्ही-एनजी: यांत राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालवता येतं. मात्र ते सॉफ्टवेअर रीतसर परवान्याने मिळवणं ही तुमची जबाबदारी. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर बरं.

सिस्को मॉडेलिंग लॅब्ज: हे सिस्कोचं स्वतःचं साधन, लागणारं सॉफ्टवेअर सोबतच येतं. वैयक्तिक आवृत्तीला वार्षिक वर्गणी आहे. पाच उपकरणांपर्यंतची मोफत आवृत्तीही मिळते.

जुनी खरी उपकरणं: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन वापरलेले स्विच मिळतात. कन्सोल केबल जोडणं, पासवर्ड विसरल्यावर तो रिकव्हर करणं, पोर्टचा दिवा पाहून अंदाज बांधणं हे हातानेच शिकावं लागतं. पण रॅकमधल्या स्विचचा पंखा छोट्या घरात झोपू देत नाही. ४० वॅटचा स्विच २४ तास चालू ठेवला तर दिवसाला जवळपास एक युनिट वीजही जाते. घ्यायचाच असेल तर एखादा घ्या आणि सराव झाला की बंद करा.

थोडक्यात, लॅपटॉप असेल तर सीसीएनएची लॅब शून्य रुपयांत उभी राहते. “लॅबसाठी पैसे नाहीत” म्हणून अभ्यास थांबायचं कारण उरत नाही.

मग लॅबमध्ये उणीव कशाची असते?

एक उदाहरण पाहू. दोन स्विचमधल्या ट्रंक लिंकवरून व्हीलॅन १०, २० आणि ३० जात आहेत. आता त्यात ४० वाढवायचा आहे. तुम्ही कमांड दिली: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’.

कमांड बरोबर आहे. स्विच काही तक्रार करत नाही. पण आधीची यादी पुसली गेली आणि ट्रंकवर फक्त ४० उरला. ‘व्हीलॅन’ नंतर ‘ॲड’ हा एक शब्द लिहायचा राहिला.

घरी असं झालं तर तुम्ही हसून यादी पुन्हा टाकाल. ऑफिसमध्ये त्या एका शब्दापायी पूर्ण मजल्याचे फोन, बिलिंगचे संगणक आणि प्रिंटर एका क्षणात बंद पडतात. तुम्ही त्याच लिंकवरून लॉगिन केलेलं असेल तर तुमचंही कनेक्शन तुटतं. आता चूक कळलेली आहे, पण दुरुस्त करायला आत जाता येत नाही. ते उपकरण दुसऱ्या शहरात असेल तर तिथल्या कोणाला तरी फोन करून “जरा तो स्विच बंद करून चालू करता का?” असं विचारायची वेळ येते.

हे एकदा अनुभवलेला इंजिनियर पुढे तीन गोष्टी कधी विसरत नाही. एक, बदल करण्याआधी सध्याची स्थिती कॉपी करून ठेवायची. दोन, दूरच्या उपकरणावर काम सुरू करण्याआधी ‘रिलोड इन १०’ द्यायचं. आपणच बाहेर फेकलो गेलो तर दहा मिनिटांनी उपकरण रिस्टार्ट होतं आणि जुन्या, सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येतं. सगळं ठीक झालं तर ‘रिलोड कॅन्सल’. तीन, बदल तपासल्याशिवाय सेव्ह करायचा नाही.

या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात. पण त्या अंगवळणी पडतात त्या दुसऱ्याचं काम आपल्यामुळे अडू शकतं ही जाणीव झाल्यावर. याशिवाय नोकरीत दिसणारे काही बिघाड सॉफ्टवेअरच्या लॅबमध्ये येतच नाहीत: उंदराने कुरतडलेली केबल, फायबरच्या टोकावर बसलेली धूळ, एसी बंद पडून तापलेली सर्व्हर रूम, सफाई करताना कोणीतरी काढलेला प्लग. आणि रात्री दोन वाजता चिडलेल्या ग्राहकाला शांतपणे “आम्ही काय तपासलं आणि पुढे काय करतोय” हे सांगणं, हाही कामाचाच भाग.

घरच्या लॅबला नोकरीसारखं वागवा

बहुतेक जण लॅबमध्ये एकच गोष्ट करतात. व्हिडिओ पाहतात, त्यातल्या कमांड तशाच टाइप करतात, पिंग लागला की खूश होऊन पुढचा धडा उघडतात. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. चालू झालेली लॅब मुद्दाम बिघडवा. शक्य असेल तर मित्राला बिघडवायला सांगा आणि तुम्ही शोधा.

सुरुवातीला हे पाच बिघाड पुरेत:

१. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये ठेवा आणि राउटरवरचा ‘आयपी हेल्पर ॲड्रेस’ काढून टाका. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळेल. हा पत्ता दिसला की डीएचसीपीपर्यंत निरोप पोचत नाही, हे कायमचं लक्षात राहतं.

२. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ लावा आणि एका बाजूचा हॅलो टायमर बदला. इथरनेटवर तो मुळात १० सेकंदांचा असतो. दोन्हीकडे वेगळा झाला की राउटर शेजारी बनत नाहीत, पण पिंग मात्र लागतो.

३. ॲक्सेस लिस्टमध्ये एकाच संगणकाला अडवणारी एक ओळ लिहा. सगळेच अडतील, कारण यादीच्या शेवटी ‘बाकी सर्वांना मनाई’ ही न दिसणारी ओळ असतेच.

४. ट्रंकच्या दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन वेगवेगळा ठेवा आणि स्विच कोणता इशारा देतो ते वाचा.

५. एका संगणकाचा डिफॉल्ट गेटवे चुकीचा टाका. त्याच नेटवर्कमधले संगणक सापडतील, बाहेरचं काहीही नाही.

प्रत्येक बिघाडासाठी वहीत चार ओळी लिहा: लक्षण काय दिसलं, काय काय तपासलं, कारण काय निघालं, परत होऊ नये म्हणून काय करायचं. कंपन्यांमध्ये मोठ्या बिघाडानंतर जो अहवाल लिहितात त्याचा सांगाडा हाच असतो. अशा तीस नोंदी जमल्या की इंटरव्ह्यूत सांगायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असतं.

आणि खरे वापरकर्ते हवे असतील तर ते घरातच आहेत. घरच्या वायफायचं चॅनल किंवा डीएनएस बदलायचं ठरवा. आईची मालिका किंवा भावाचा ऑनलाइन क्लास सुरू असताना राउटर रिस्टार्ट केलात तर ‘आउटेज’ म्हणजे काय ते दोन मिनिटांत कळेल. त्यापेक्षा आधी सगळ्यांना वेळ सांगा, जुन्या सेटिंगचा फोटो काढा, रात्री अकरानंतर बदल करा आणि बिघडलं तर मागे कसं यायचं ते कागदावर लिहून ठेवा. कंपन्यांमध्ये यालाच चेंज विंडो आणि रोलबॅक प्लॅन म्हणतात.

रेझ्युमेवर काय लिहायचं?

लॅबचा सराव ‘अनुभव’ या रकान्यात लिहू नका. ‘प्रोजेक्ट’ असा वेगळा रकाना करा आणि नेमकं लिहा: किती राउटर, किती स्विच, कोणते प्रोटोकॉल, कोणते बिघाड शोधले. “नेटवर्किंगचं सखोल ज्ञान” या वाक्याला किंमत नाही. “तीन शाखांचं नेटवर्क मांडलं, त्यात डीएचसीपी रिले आणि ओएसपीएफचे बिघाड शोधले” असं लिहिलंत तर पुढचा प्रश्न तुम्हाला येणाऱ्या विषयावरच येतो.

पैसे घेऊन खोटं अनुभवपत्र देणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. पीएफच्या यूएएन खात्यावर आधीच्या नोकऱ्यांची नोंद असते आणि कंपन्या ती तपासून घेतात. खोटं उघडं पडलं तर हातात आलेली नोकरी जाते. तीच गत पाठ करायला मिळणाऱ्या चोरीच्या प्रश्नसंचांची. परीक्षेचे नियम मोडले म्हणून सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. ते टिकलं तरी इंटरव्ह्यूत “करून दाखवा” म्हटल्यावर पाठांतर कामाला येत नाही.

लहान अनुभवाला कमी लेखू नका. डेस्कटॉप सपोर्ट, गल्लीतल्या ब्रॉडबँडवाल्याकडे फायबर जोडणं, सीसीटीव्हीची केबल ओढणं, एखाद्या शाळेची संगणक लॅब सांभाळणं, हे सगळं कामच आहे. तिथे खरी केबल आणि खरी माणसं भेटतात. पदविका आणि पदवीधारकांसाठी केंद्र सरकारची एनएटीएस ही अप्रेंटिसशिप योजना आहे, तिथेही नाव नोंदवता येतं. लॅबमध्ये सहा महिने एकट्याने काढण्यापेक्षा दिवसा असं काम आणि रात्री तासभर लॅब, हा मेळ जास्त फळतो.

आधीच नोकरीत असाल तर?

तुमचा प्रश्न उलटा आहे. तुमच्याकडे जबाबदारी आहे, पण विषयांचा आवाका कमी असू शकतो. परीक्षेचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि ज्या मुद्द्याला तुम्ही नोकरीत कधी हात लावला नाही त्यावर खूण करा. घरची लॅब फक्त त्या खुणांसाठी वापरा. दिवसभरात आलेलं एखादं तिकीट रात्री लॅबमध्ये मांडून पाहा. एल-टूने ते कसं सोडवलं आणि का, हे समजून घ्या. मात्र कंपनीचं कॉन्फिगरेशन, पासवर्ड किंवा खरे आयपी पत्ते घरच्या लॅपटॉपवर आणू नका. नेटवर्कचा नकाशा डोक्यात ठेवा आणि पत्ते स्वतःचे टाका.

वरच्या पातळीवर हिशोब बदलतो

सीसीएनपीसाठी सिस्को तीन ते पाच वर्षांच्या अनुभवाची शिफारस करते, सीसीआयईसाठी पाच ते सात वर्षांची. अट इथेही नाही. पण सीसीआयईची शेवटची परीक्षा आठ तासांची प्रत्यक्ष लॅब असते: तीन तास आराखड्याचे, पाच तास उभारणीचे आणि बिघाड शोधण्याचे. आराखड्याच्या भागात “या ग्राहकासाठी यातला कोणता मार्ग योग्य आणि का?” असे प्रश्न येतात. कमांड पाठ असून भागत नाही, पर्यायांचे फायदे-तोटे पाहिलेले असावे लागतात.

म्हणून अगदी नवख्याने सीसीएनए झाल्यावर लगेच सीसीएनपीकडे धावू नये. अनुभवाशिवाय मोठं सर्टिफिकेट दाखवलं की प्रश्नही त्याच तोडीचे येतात आणि पगार मात्र फ्रेशरचाच मिळतो. आधी नोकरी, मग वर्ष-दीड वर्षात पुढची परीक्षा, असा क्रम खिशालाही परवडतो. सीसीएनए तीन वर्षं वैध असतं आणि त्या मुदतीत सीसीएनपीची परीक्षा पास झालात तर सीसीएनएचीही मुदत वाढते. त्यामुळे घाई करायचं कारण नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. पुढच्या वेळी कोणी विचारलं, “कामाचा अनुभव किती?”, तर गडबडू नका. “नोकरीचा अजून नाही. पण माझ्या लॅबमध्ये मी स्वतः बिघडवून दुरुस्त केलेल्या तीस गोष्टींची नोंद आहे, दाखवू का?” एवढं म्हणा. समोरचा माणूस स्वतः नेटवर्किंगमधला असेल तर तो ती वही नक्की मागेल.